मिडफिल्डर घडते कशी? बेंबेम देवी, सावा, फोर्मिगा आणि आपल्या सांगली-साताऱ्याच्या मुली

मधली_फळी

मुलींचा फुटबॉल संघ निवडताना आपल्याकडे एक पद्धतच पडून गेलीय. जोरात पळणारी मुलगी आघाडीला, अंगाने थोराड ती बचावाला आणि उरलेल्या मधल्या फळीत, म्हणजे मिडफिल्डर. मिरज, कराड, सातारा, कुठल्याही शालेय स्पर्धेचा सामना बघा. बचावातून चेंडू उचलून थेट पुढे मारला जातो आणि मधल्या चौघी तो डोक्यावरून जाताना बघत राहतात.

माझं मत उलट आहे. जिला दीर्घकाळ खेळायचंय तिच्यासाठी मधली फळी हीच खरी जागा. तीन कारकिर्दी बघा. इंफाळची ओइनाम बेंबेम देवी १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली आणि २०१६ ला शिलाँगमध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन थांबली. जपानची होमारे सावा १९९३ ते २०१५, सहा विश्वचषक. ब्राझीलची फोर्मिगा तर सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक खेळली. २०१९ ला फ्रान्समधल्या विश्वचषकात उतरली तेव्हा ती ४१ वर्षांची होती. तिघींचीही कारकीर्द वीस वर्षांच्या वरची. पायातला वेग तिशीकडे झुकताना कमी होतो. चेंडू यायच्या आधी मैदान वाचायची सवय मात्र वयाबरोबर पक्की होत जाते, आणि मिडफिल्डर त्यावरच जगते.

बेंबेमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. भारतीय महिला लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली, म्हणजे तिच्या निवृत्तीनंतर. तिची अख्खी आंतरराष्ट्रीय कारकीर्द देशात राष्ट्रीय लीग नसताना झाली. मणिपूरकडून राष्ट्रीय स्पर्धा, पोलीस खात्यातली नोकरी, भारतीय संघाची शिबिरं, आणि २०१४ ला मालदीवच्या न्यू रेडियंटकडून एक हंगाम. २०१७ ला अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. आज १३ वर्षांच्या मुलीपुढे त्या मानाने बरीच दारं उघडी आहेत.

तर या धाग्यात मला नेमकं पाहिजे ते असं: १२ ते १६ वयात मधल्या फळीतल्या मुलीवर काय काम करायचं, किती करायचं आणि कुठं बिघडतं. ज्यांना माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

सहा_नंबर

चांगला विषय घेतलात. सुरुवात नजरेपासून करतो, कारण मिडफिल्डर आणि बाकीच्यांत खरा फरक तिथंच आहे.

चेंडू पायाशी आल्यावर बघायला सुरुवात केली की उशीर झालाच. बघायचं कधी, याला नियम आहे. चेंडू एका खेळाडूकडून दुसरीकडे जात असतो तेव्हा त्याची दिशा ठरलेली असते, तो मधेच वळणार नाही. तेवढ्यात मान वळवून मागे बघून घ्यायचं. दुसरी नजर आपल्याकडे पास सुटल्यानंतर, चेंडू निम्म्या वाटेत असताना. म्हणजे चेंडू पायाला लागेपर्यंत किमान दोनदा मागचं चित्र बघून झालेलं असतं. पास देणारीने चेंडूला पाय लावायच्या क्षणी मात्र नजर तिच्यावरच हवी, नाहीतर पास कुठं निघाला हेच कळत नाही.

सराव असा घ्या. तिघी एका रेषेत, दोघींमध्ये १२ मीटर अंतर, मधली मुलगी आपली. तिच्या मागची मुलगी हातात दोन रंगांचे बिब (सरावात अंगावर घालायची बिनबाह्यांची जाकिटं) धरते आणि समोरून पास सुटला की त्यातला एक वर करते. मधलीने चेंडू पायाला लागायच्या आत रंग ओरडून सांगायचा. लाल असेल तर मागे दडपण आहे, चेंडू एका स्पर्शात परत. हिरवा असेल तर वळून पुढे. ४५ सेकंद काम, ४५ सेकंद विश्रांती, प्रत्येकीला सहा फेऱ्या. आठवड्यातून तीनदा.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. बिब वर करणारी एका लयीत रंग बदलते, मग मधली न बघताच अंदाजाने ओरडते. रंग अनियमित ठेवा. दुसरं, मुली नुसती मान वळवतात आणि अंग चेंडूकडे सरळच ठेवतात. पास यायच्या आधी अंग अर्धं वळलेलं पाहिजे, खांदा पास देणारीकडे आणि छाती बाजूच्या रेषेकडे. मग चेंडू लांबच्या पायाने घ्यायचा. जवळच्या पायाने घेतला की चेंडू अंगाखाली अडकतो, वळायला एक जादा स्पर्श लागतो आणि तेवढ्यात समोरची अंगावर येते.

पळण्याबद्दलही सांगतो. वरच्या पातळीवर मिडफिल्डर सामन्यात साधारण १० ते ११ किलोमीटर कापते, म्हणून आपल्याकडे मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावतात. पण ते अंतर एका चालीने कापलेलं नसतं. चालणं, हळू धावणं, मधेच सात-आठ सेकंदांची झेप, थांबणं, वळणं असं ते तुटक असतं. फेऱ्यांऐवजी ३० बाय २५ मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार खेळवा. ४ मिनिटं खेळ, ३ मिनिटं विश्रांती, असे चार डाव. कडेला जादा चेंडू ठेवा म्हणजे खेळ थांबत नाही. दम तेवढाच वाढतो आणि प्रत्येक मिनिटाला नजर, अंग वळवणं, पास सगळंच घोटून होतं.

कोरेगाव_रोड

सहा_नंबर, सराव पटला. पण आपली मैदानं बघा ना. मुरमावर चेंडू उडतो, काळ्या मातीवर उन्हाळ्यात भेगा आणि जूनपासून चिखल. १२ मीटरचा सरपटी पास त्यावर जातच नाही. मग मुली चेंडू उचलून मारतात यात त्यांचा काय दोष?

सहा_नंबर

मुलींचा दोष नाहीच, आणि मैदान हे खरंच मोठं कारण आहे. पण अख्खं मैदान लागत नाही. २० बाय २० मीटरचा एक तुकडा निवडा. खडे वेचा, वरचा सैल मुरूम फावड्याने ओढून घ्या, संध्याकाळी पाणी शिंपडून दुसऱ्या दिवशी रोलर फिरवा. आठवड्यातून एकदा एवढं केलं तरी तुकडा सरपटी पासाला लायक राहतो. पाणी इतकंच की माती दबेल; चिखल झाला की रोलरला चिकटून पापुद्रे निघतात. काळ्या मातीत भेगा असतील तर त्या बारीक मातीने भरल्याशिवाय खेळवू नका. भेगेत टाच अडकली की घोटा गेलाच.

चेंडू तपासा. १२ वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा. नियमाने पाच नंबरचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवा ०.६ ते १.१ वातावरण दाब. कडक मुरमावर हवा खालच्या टोकाला ठेवा, चेंडू कमी उडतो. दुपारच्या उन्हात राहिलेल्या चेंडूची हवा वाढलेली असते, म्हणून सरावाच्या आधी पुन्हा दाबून बघा.

बूट हा वेगळा विषय आहे, त्यावर कोणीतरी लिहा.

गुडघा_घोटा

बुटांपासूनच सुरू करते आणि गुडघ्यावर येते.

मुरमावर लांब स्टडचे (तळव्याला टोकदार खुंट असलेले) बूट नकोत. कडक जमिनीत स्टड रुतत नाहीत, सगळा भार टाचेखालच्या दोन-चार ठिपक्यांवर येतो. मुलींची उंची साधारण ११ ते १३ या वयात झपाट्याने वाढते. तेव्हा टाचेच्या हाडाची वाढती बाजू नाजूक असते, आणि टाच दुखण्याच्या बऱ्याच तक्रारी या बुटांमधून निघतात. मुरमाला बारीक रबरी ठिपक्यांचा टर्फ तळवा घ्या, लांब स्टड फक्त पावसाळ्यातल्या गवतासाठी. बूट संध्याकाळी, खेळाचे मोजे घालून घ्यावेत. अंगठ्यापुढे एक सेंटीमीटर जागा पुरे. "पुढच्या वर्षीही येईल" म्हणून दोन नंबर मोठा घेतला की वळताना पाय आत सरकतो.

आता गुडघा. मधली_फळी यांनी तीन लांब कारकिर्दी दाखवल्या. त्याबरोबर अलेक्सिया पुतेयासही बघा. स्पेनची, २०२१ ची बॅलन डी'ओर (जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेती मिडफिल्डर, आणि जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर सरावात डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटला. ती मैदानात परतली ती एप्रिल २०२३ च्या अखेरीस, म्हणजे नऊ महिन्यांवर. जगातल्या उत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असताना एवढा वेळ लागला. आपल्याकडे पाच-सहा महिन्यांत "आता दुखत नाही" म्हणून मुलीला उतरवतात, आणि तोच किंवा दुसरा गुडघा जातो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळू लागलेल्यांत पुन्हा इजा होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा दोन ते तीन पट किंवा त्याहून जास्त आढळते, आणि बहुतेक वेळा कोणाचा धक्का लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना पाय रोवलेला राहतो, गुडघा आतल्या बाजूला पडतो आणि वरचं अंग बाहेर झुकतं. हे नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. मुलीला ३० सेंटीमीटर उंच पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून मोबाईलवर चित्रीकरण करा. उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तिला खेळाआधी ताकदीच्या व्यायामाची गरज आहे.

त्यासाठी फिफा ११+ नावाचा वॉर्म-अप आहे. तीन भाग, पंधरा व्यायाम, एकूण २० मिनिटं: ८ मिनिटं हळू धावणं, १० मिनिटं ताकद-उड्या-तोल, २ मिनिटं वेगाने धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. मधल्या दहा मिनिटांत प्लँक, बाजूचा प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, एका पायावर तोल, बैठका, उड्या येतात. नॉर्डिकमध्ये जोडीदारीण घोटे घट्ट धरते आणि गुडघ्यावर उभी मुलगी पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकते. पहिल्या पायरीला ३ ते ५ वेळा, मग ७ ते १०, मग १२ ते १५. बहुतेक जणी कमरेतून वाकतात आणि व्यायाम फुकट जातो. कान, खांदा, कंबर, गुडघा एका रेषेत राहिलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात मांडीमागे दुखणारच, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक सुरू करू नका.

गुडघ्यातून "टक्" असा आवाज आला आणि दोन-चार तासांत सूज चढली, तर चोळायचं नाही, हाडवैद्याकडे ओढून घ्यायचं नाही. बर्फ, दाबपट्टी, पाय उंच, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. मिरजेत त्यांची कमी नाही. हाडांची वाढ चालू असलेल्या मुलीत शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी असते. डॉक्टरांना थेट विचारा की वाढत्या वयातल्या किती मुलींचं हे काम त्यांनी केलंय. हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही.

वारणेची_लेक

गुडघा_घोटा ताई, परत खेळायला पाठवायचं की नाही हे घरी किंवा मैदानावर कसं ठरवायचं? सगळ्यांना यंत्रावरची तपासणी परवडत नाही.

गुडघा_घोटा

खडू आणि मोजपट्टीवर बरंच कळतं. एका पायावर उभं राहून एक लांब उडी, त्याच पायावर स्थिर उतरायचं. तीन प्रयत्नांतलं सर्वांत लांब अंतर घ्या. मग त्याच पायावर सलग तीन उड्या, मग रेषा ओलांडत तिरक्या तीन उड्या, आणि सहा मीटर लंगडत जायला लागणारा वेळ. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के पाहिजे. चांगल्या पायाची उडी १४० सेंटीमीटर असेल तर दुसऱ्याची १२६ तरी यायला हवी. चारही चाचण्यांत.

यात एक फसगत होते. नऊ महिने बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे टक्केवारी खोटी चांगली दिसते. म्हणून सगळ्या मुलींच्या उड्या हंगामाच्या सुरुवातीलाच मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. पुढे कोणाला इजा झालीच तर तुलना त्या जुन्या आकड्याशी करता येते. आणि हे आकडे जमले तरी शेवटचा निर्णय डॉक्टर आणि फिजिओचा. नऊ महिने पुरे व्हायच्या आत तर नाहीच.

माणदेशी

सगळं वाचतोय, भारी माहिती येतेय. एक राहिलंय ते रक्त.

मधल्या फळीतली मुलगी दुसऱ्या सत्रात चालायला लागली की "दम नाही" म्हणून तिला अजून पळवतात. आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ वर्षांच्या पुढच्या मुलीत १२ ग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली म्हणजे रक्तक्षय. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून जमल्यास तो साठा दाखवणारी फेरिटिन तपासणीही करावी. फेरिटिन १५ च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली असेल तर लोह संपलेलं आहे. अशा मुलीला फेऱ्या मारायला लावून काही वाढत नाही, ती फक्त थकते आणि थकलेली मुलगी चुकीच्या पायावर उतरते. म्हणजे गोष्ट पुन्हा गुडघ्यावरच येते.

शाळेत आठवड्याला लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोहाची. ती जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळी चुकवू नये. जेवणात बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळलेलं. लिंबाने लोह अंगी लागतं, चहाने अडतं. चहा जेवणाआधी-नंतर तासभर लांब ठेवावा. चालत असेल तर अंडी, मटण, मासे. नुसत्या गुळावर विसंबू नका, त्यातलं लोह फार कमी पडतं.

मध्यंतराला तासगावचे बेदाणे द्या. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर बेदाण्यांत साधारण २४ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, आणि ते पोटात जड पडत नाहीत. बरोबर पाणी. वडापाव सामना संपल्यावर.

आणि हे मोकळेपणाने बोललं पाहिजे: पाळी तीन महिने थांबली, किंवा पंधरावं संपत आलं तरी सुरूच झाली नाही, तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडू नका. खाणं खर्चाला पुरत नाहीये असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलींना हे सांगता येईल अशी एखादी बाई संघाबरोबर असावी.

कागदपत्रवाले

मैदानातलं सगळं झालं, आता कागद. चांगल्या मुली इथं अडकतात.

जन्मदाखला मूळ नोंदीचा हवा. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींत नाव आणि तारीख अक्षरशः एक पाहिजे. "पाटील" एकीकडे, दुसरीकडे आडनावच नाही, एका ठिकाणी आईचं नाव, असले फरक दहावीच्या आधी दुरुस्त करून घ्या. वयोगटाच्या वरच्या स्पर्धांत हाडांचं वयही तपासतात, तेव्हा वय कमी दाखवायचा कुणी सल्ला दिला तर तो मुलीच्या मुळावर येतो.

शालेय स्पर्धेची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी आणि बाकी जिल्ह्याची वेगळी, दोन्हींतले विजेते कोल्हापूर विभागाला जातात. साताऱ्याचा विभागही कोल्हापूरच. त्याशिवाय फुटबॉल संघटनेकडची नोंदणी वेगळी: क्लबमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत खेळाडूची नोंद होते. शाळेकडून खेळली म्हणजे तिथं नोंद झाली असं नाही. पालक इथं हमखास गोंधळतात.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात हातात घ्या, प्रत काढून ठेवा. दहावी-बारावीचे क्रीडागुण शाळेने वेळेत प्रस्ताव पाठवला तरच मिळतात. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी याच प्रमाणपत्रांची पडताळणी होते, आणि तिथं स्पर्धेचा दर्जा बघतात. बेंबेम मणिपूर पोलिसांत होती. भारतीय संघाची संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलाकडून खेळलेली आहे. भारतातल्या महिला फुटबॉलचा कणा अजून नोकरी हाच आहे. नुसत्या लीगच्या पैशावर घर चालवणाऱ्या थोड्या.

मधली_फळी

संगीताचं नाव निघालं ते बरं झालं. ५ जुलै २०२५, चियांग माई, थायलंडविरुद्ध २-१. दोन्ही गोल तिचे, आणि ती मिडफिल्डर. त्या निकालाने भारत पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशिया चषकात पोहोचला. २०२२ ला आपण यजमान म्हणून होतो, सामने नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीला होते, आणि कोविडमुळे भारताला मधेच माघार घ्यावी लागली. मधल्या फळीतली मुलगी गोल करत नाही असं म्हणणाऱ्यांना चियांग माईचा सामना दाखवा.

दोन प्रश्न उरलेत. मुलांबरोबर सराव किती वयापर्यंत? आणि आठवड्याला एकूण किती तास?

सहा_नंबर

तासांचा एक सोपा दंडक आहे: आठवड्याचे संघटित सरावाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. १३ वर्षांची असेल तर सामने धरून १३. एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि बाराव्या वर्षापर्यंत खो-खो, कबड्डी सोडायला लावू नका. खो-खोतलं पलटणं आणि हुलकावणी मिडफिल्डरला थेट उपयोगी पडते; आपल्या भागात तो खेळ इतका मुरलेला आहे, त्याचा फायदा घ्यायलाच हवा.

मुलांबरोबर खेळण्याने विचार करायचा वेळ कमी मिळतो आणि निर्णय झटपट होतात. बेंबेमही इंफाळमध्ये मुलांतच खेळून तयार झाली. बारापर्यंत बिनधास्त. तेरा-चौदानंतर मुलांचं वजन आणि जोर झपाट्याने वाढतो. तेव्हा लहान चौकटीतला पासांचा खेळ एकत्र चालू ठेवा, पूर्ण मैदानाचे सामने मात्र उंची-वजन बघूनच. वयाचा दाखला बघून जोड्या लावल्या की ४० किलोची मुलगी ६० किलोच्या मुलाच्या टॅकलखाली येते.

वारणेची_लेक

कॉर्नरवर मिडफिल्डरने काय करायचं तेही सांगा की. आपल्या मुली सगळ्या गोलसमोर एकाच ठिकाणी उभ्या राहतात.

सहा_नंबर

सावाचा २०११ च्या अंतिम सामन्यातला गोल बघा. फ्रँकफर्ट, अमेरिका २-१ पुढे, ११७ वं मिनिट. आया मियामाचा कॉर्नर जवळच्या खांबाकडे आला. सावा गोलसमोर उभी राहून वाट बघत नव्हती. ती बाहेरून धावत आली, बचावपटूच्या पुढे घुसली आणि गोलकडे जवळजवळ पाठ असताना उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडूला नुसती दिशा दिली. जपान पुढे पेनल्टीवर जिंकलं, आणि त्या विश्वचषकात सर्वाधिक पाच गोल एका मिडफिल्डरचे, सावाचे होते.

सरावाला असं घ्या. तीन शंकू पेनल्टीच्या ठिपक्याच्या मागे एक-दोन मीटरवर, मुली तिथून सुरू करणार. कॉर्नर मारणारीने हात खाली आणला की पहिली मुलगी दूरच्या खांबाकडे दोन पावलं टाकते, बचावपटू तिच्याबरोबर सरकते, आणि ती लगेच जवळच्या खांबाकडे वळते. दुसरी मधे थोडी उशिरा, तिसरी दूरच्या खांबाला. चेंडू गोलरेषेपासून पाच-सहा मीटरवर, कंबर ते डोकं या उंचीत हवा. हातांनी टाकलेल्या चेंडूवर आधी वीस वेळा, मग पायाने मारलेल्या.

बहुतेक वेळा धाव लवकर सुटते. मुलगी खांबापाशी चेंडूच्या आधी पोहोचते, थांबते, आणि उभ्या मुलीला अडवणं बचावपटूला सोपं जातं. चेंडू मारणारीचा टेकवलेला पाय जमिनीला लागला की वळायचं, त्याआधी नाही. शनिवारच्या सरावात एका बाजूने दहा आणि दुसऱ्या बाजूने दहा कॉर्नर घेऊन बघा, आणि दहातले किती पहिल्या बचावपटूला पार करतात ते लिहून इथं टाका. तिथूनच पुढचं ठरवू.